माझी पिन अडकली आहे

मी भांडखोर माणूस नाही. एकवीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाच्या अंगात भांडण उरतच नाही. त्याच्या वाट्याचंसुद्धा काउंटरपलीकडची मंडळी भांडून जातात. परंतु गेली दोन-तीन वर्षं एका विषयावर मी कोणाशीही, कुठंही, अगदी लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याशीही भांडायला तयार असतो. विषय निघाला की आमची सौ. पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावते आणि म्हणते, "झालं! ह्यांची पिन अडकली." ती म्हणते ते शब्दशः खरं आहे. विषय पिनेचाच आहे.

त्याचं असं आहे, की रेकॉर्डी पुन्हा आल्या आहेत. ज्या तबकड्या आमच्या पिढीनं माळ्यावर फेकल्या, त्याच आता चिरंजीवांच्या पिढीला 'व्हिनाइल' या नावानं अडीच-तीन हजारांना एक अशा परत विकत मिळतात. २०२२ साली तर अमेरिकेत सी.डी.पेक्षा रेकॉर्डी जास्त खपल्या. १९८७ नंतर प्रथमच. चांगली गोष्ट आहे. पण रेकॉर्ड आली की ती वाजवायला काहीतरी लागतं, आणि बेताच्या खिशाचा माणूस नेमका इथं दोन उपदेशकांच्या कात्रीत सापडतो. एक म्हणतो, "पाच हजारांत नवाकोरा घ्या, सूटकेससारखा दिसतो, दिवाणखान्यात शोभतो." दुसरा म्हणतो, "पाच लाखांच्या खाली ऐकूच नका." माझं म्हणणं असं, की दोघंही माणसाला खड्ड्यात घालतात आणि खड्डा एकच आहे. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत, त्यानं जुना, वापरलेला, दिसायला ओबडधोबड पण उचलायला जड असा प्लेअर घ्यावा, आणि राहिलेले पैसे सुईत घालावे. बस्स. एवढ्यासाठी मी भांडतो.

आता एवढ्याशा गोष्टीत भांडण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. त्यासाठी आमच्या घराचं जुनं लेजर उघडावं लागेल.

आमच्या अण्णांकडे एक प्लेअर होता. झाकणात स्पीकर असलेला, प्लॅस्टिकचा. फार थोर यंत्र नव्हतं ते. पण दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की अण्णा हात पुन्हा धुवायचे, आईच्या एका जुन्या मखमली पोलक्याच्या तुकड्यानं रेकॉर्ड पुसायचे, आणि सुई टेकवण्यापूर्वी घरभर एक वाक्य टाकायचे, "पाय वाजवू नका रे." कारण आमच्या वाड्यातली लाकडी जमीन, आम्ही पोरं पळालो की पंडित भीमसेन जोशींचाही तोल जायचा. त्यांच्या अभंगांची एल.पी. अण्णांनी १९७८च्या दिवाळीच्या बोनसातून घेतली होती. कव्हरच्या मागं बॉलपेननं तारीख आणि सही. कारकुनाचा मुलगा कारकून का होतो, ते त्यावरून कळावं. आणि दर दिवाळीला उटणं, तेल आणि पणत्यांच्या यादीत अण्णांची एक बाब ठरलेली असे: 'सुई, १'. आम्ही हसायचो.

१९९५ साली मी पंधरा वर्षांचा असताना घरात डबल कॅसेटवाला टेपरेकॉर्डर आला आणि मी तो प्लेअर भंगारवाल्याला साठ रुपयांत देऊन टाकला. मीच. अण्णा कचेरीतून आले, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि चहा मागितला. रेकॉर्डी मात्र भंगारवाल्यानं नेल्या नाहीत, त्या अण्णांनी धोतरात बांधून माळ्यावर ठेवल्या. २०१९ साली अण्णा गेले. माळा आवरताना ते गाठोडं खाली आलं, आणि आई म्हणाली, "ती अभंगांची लागेल का रे?"

लागेल का म्हणजे काय! २०२२ साली मी ताबडतोब एक सूटकेस आणली. चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये. आकाशी रंग, सोनेरी कड्या, वर ब्लूटूथ. रेकॉर्डीसाठी घेतलेल्या यंत्राला ब्लूटूथ कशाला, हा प्रश्न मला पडला नाही, बी.कॉम.ला तो पेपर नव्हता. रोज संध्याकाळी दिवा लावला की आईला त्या रेकॉर्डीची पहिली बाजू ऐकायची असे. आठ महिने रोज ऐकली. आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, पूर्वी ह्यात टाळ ऐकू यायचे."

मी म्हटलं, आई, तुझे कान थकले. तिनं मान हलवली. मग मी जवळ जाऊन ऐकलं. पंडितजींचा आवाज होता, पण कढईत तळल्यासारखा; आणि टाळांच्या जागी नुसतं खर्र, खर्र. कान थकले नव्हते. टाळ गेले होते. मी रोज संध्याकाळी, भक्तिभावानं, ते थोडे थोडे खरवडून काढले होते.

त्या दिवसापासून माझी पिन अडकली.

आता कारण ऐका. रेकॉर्डीवरचा आवाज म्हणजे खाचेच्या दोन भिंतींवरची नक्षी. एल.पी.च्या सुईचं टोक माणसाच्या केसाहून बारीक असतं आणि ते त्या नक्षीवरून धावतं. चांगल्या चुंबकी कार्ट्रिजची सुई साधारण दोन ग्रॅमच्या भारानं टेकते. ह्या सूटकेशीतली सुई टेकते पाच-सहा ग्रॅमनं. पाच रुपयांचं पिवळं नाणं सहा ग्रॅमचं असतं. माझं आयुष्य चिल्लर मोजण्यात गेलंय, विश्वास ठेवा. म्हणजे सुईच्या पाठीवर पाच रुपयांचं नाणं ठेवून ती केसाएवढ्या खाचेतून ओढायची. वर ती सुई बहुधा हिऱ्याची नसते, कृत्रिम नीलमण्याची असते. नीलमण्याची सुई साधारण चाळीस-पन्नास तास नीट चालते, पुढं तिचा रंधा होतो. मी आठ महिने रोज वीस मिनिटं वाजवली: ऐंशी तास. आणि झिजताना पहिल्यांदा जातात ते सगळ्यांत बारीक, सगळ्यांत वरचे आवाज. म्हणजे टाळ.

ह्याची भरपाई होत नाही. नोट फाटली तर बँक बदलून देते. खाच झिजली तर कोणी बदलून देत नाही.

दुसरे उपदेशक आमच्याच शाखेत, कर्ज विभागात आहेत. आम्ही त्यांना खाजगीत 'नादब्रह्म' म्हणतो. झाला प्रकार मी त्यांना सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आधी खोली बदला." मला वाटलं माझ्या प्रकृतीबद्दल बोलतायत. पण नाही, रेकॉर्ड ऐकण्यासाठी आधी खोली, मग खोलीला पडदे, मग स्पीकर, मग अठरा हजारांची एक तार, आणि सगळ्यात शेवटी प्लेअर, तोही परदेशी, अशी त्यांची जन्मभराची योजना आहे. ह्या योजनेत त्यांनी स्वतः गेल्या सहा महिन्यांत एकही रेकॉर्ड ऐकलेली नाही, कारण तार यायची आहे.

माझा खरा राग नादब्रह्मांवर आहे. सूटकेस विकणारा निदान विकतो. पण हे दर्दी लोक साध्या माणसाला असं घाबरवतात, की तो म्हणतो, पाच लाख काही आपल्याच्यानं होत नाहीत, मग घेऊ पाच हजारांची. मधला रस्ता आहे, हे त्याला कोणी सांगतच नाही. कारण मधल्या रस्त्याचं नाव 'सेकंडहँड' आहे.

आणि सेकंडहँडची आपल्याला लाज वाटते! अहो, कशाची लाज? थोरल्या भावाच्या पँटी मी आखडून घातल्या. माझं सगळं शिक्षण अप्पा बळवंत चौकातल्या अर्ध्या किमतीच्या पुस्तकांवर झालं. त्यांतली 'महत्त्वाचे' अशी अगोदरच्या मालकानं केलेली खूण नसती तर मी पास झालो नसतो. राहतो तो फ्लॅट रिसेलचा. मग प्लेअरच तेवढा नवा कशाला? कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर नव्या वस्तूचा घसारा आपल्याला सोसावा लागतो, जुन्याचा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. त्यातून सत्तरच्या दशकात प्लेअर ही घरोघरची गरज होती. जड थाळी आणि नीट तोललेला हात देणं कारखान्यांना परवडत होतं. आज पाच हजारांत तेवढं धातू द्यायला गेलं, तर ब्लूटूथला पैसे उरत नाहीत.

असा निश्चय करून मी सौ.कडे कर्जमागणी केली. दहा हजारांची मर्यादा मंजूर झाली, तारण म्हणून एक वर्षाचे कँटीनचे बटाटेवडे.

पहिला हप्ता जुन्या बाजारात. रविवार सकाळ, कुंभारवेशीपाशी माणसांचा आणि भंगाराचा समुद्र. एका चाचांनी मला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दाखवला. "साहब, अंग्रेज के जमाने का है." कर्ण्याचं पॉलिश मात्र बहुधा गेल्या मंगळवारचं असावं. दिसायला काय सुंदर! क्षणभर मीही पाघळलो. पण असल्या यंत्राचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भरतो आणि सुई पोलादी असते, दर बाजूला बदलायची. ७८च्या लाखेच्या तबकड्या ते सोसायला केलेल्या असत. एल.पी. त्यावर ठेवणं म्हणजे ऊस गुऱ्हाळात घालणं. चाचांना नमस्कार केला.

दुसरा प्लेअर अमेरिकेहून परतलेल्या एका गृहस्थांचा. कातड्याच्या खुर्चीसारखा गुबगुबीत. "ट्रान्सफॉर्मर देतो बरोबर," ते म्हणाले, "२३०चं ११० होतं." व्होल्टचं जमलं हो, पण तिकडची वीज सेकंदाला साठ आवर्तनांची आणि आपली पन्नास. ज्या जुन्या मोटारीचा वेग आवर्तनांवर ठरतो, ती इथं पाच-षष्ठांश वेगानंच फिरते; पुली बदलल्याशिवाय सुटका नाही. इथं माझी विद्या कामाला आली. ३३⅓ वेगाच्या थाळीच्या तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची, घड्याळ लावायचं आणि मोजायचं. शंभर मोजण्यात माझा हात कोण धरणार? भरल्या त्र्याऐंशी. म्हणजे काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरायची आणि ख्याल होता त्यापेक्षा आणखी विलंबित व्हायचा. गृहस्थ म्हणाले, "मला वाटायचं, भारतात आल्यावर सगळंच संथ होतं."

तिसरा मिळाला सदाशिव पेठेत. निवृत्त शिक्षक, मुलगी परदेशी, घर लहान करायचं होतं. प्लेअर जर्मन, ड्युअल, तीन वेगांचा, मेव्हण्यानं त्या काळी आणलेला. मी तपासायला गेलो आणि तपासणी माझीच सुरू झाली.

"रेकॉर्डी किती आहेत?"

"बावीस, सर."

"हात धुता?"

"धुतो."

"आधी कशावर वाजवत होता?"

मी मान खाली घालून सूटकेशीचं सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा. पाणी घ्या."

त्यानंतर त्यांनीच मला दाखवलं, काय बघायचं ते. इथं ते सगळं मुद्दाम लिहितो, कारण हे फुकट आहे आणि फुकटची गोष्ट कोणी सांगत नाही. सुई ज्याला जडवलेली असते तो हात आधी दोन बोटांत हलकेच धरून हलवून बघायचा. खिळखिळा लागला तर नमस्कार करून उठायचं, कारण तो गुडघा बदलता येत नाही. मग मागचं वजन फिरवून हात तराजूसारखा हवेत तरंगत ठेवायचा आणि नुसती फुंकर घालायची. कुठंही न अडखळता सरकला पाहिजे. ते मागचं वजनच हरवलेलं असेल तर फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. थाळी हातानं फिरवून डोळा तिच्या पातळीला आणायचा. लग्नात नवरदेवाच्या घोडीसारखी डुलत असेल तर वाकडी आहे. मग दोन गाण्यांमधल्या रिकाम्या खाचेवर सुई ठेवून कान द्यायचा. घरघर आली तर आतली चाकं किंवा बेअरिंग, हुंकार आला तर बहुतेक अर्थिंगची तार. आणि कार्ट्रिज अर्ध्या इंचावरच्या दोन स्क्रूंनी बसवायचं, म्हणजे सर्वमान्य मापाचं आहे ना, हे पाहायचं. तसं असलं तर आजही बाजारात मिळणारं नवं कार्ट्रिज बसतं.

थोडी घरघर होती. आतलं रबरी चाक कडक झालं होतं आणि जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट, त्यामुळे हात आपोआप परतायचा तो परतत नव्हता. सरांनी हे दोन्ही दोष स्वतःहून सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी असा माणूस पाहिला की जो कर्ज मागताना आपलं देणं अगोदर सांगतो. मी सात हजार म्हटलं. ते म्हणाले, "सहा. पण दोन अटी. ह्यातली जुनी सुई आजच काढून टाकायची. प्लेअर वापरलेला चालतो, सुई वापरलेली चालत नाही. दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश आपण घेतो का? आणि ७८ची तबकडी कधी लावलीत तर तिची सुई वेगळी घ्या, चौपट जाड असते. एल.पी.ची सुई तिच्या खाचेच्या तळाला घासत जाते."

आता हिशेब. प्लेअर ६,०००. चुंबकी कार्ट्रिज, हिऱ्याच्या नव्या सुईसकट, २,६००. तपकीर गल्लीच्या आसपासचा एक जुना मिस्त्री, रबर, ग्रीस आणि मजुरी, ७००. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा ३५०. चुंबकी कार्ट्रिजचा आवाज व्होल्टच्या काही हजारांश एवढाच निघतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज कमी व वरचे स्वर जास्त करून ठेवलेले असतात. हे दोन्ही जागेवर आणणारा एक डबा लागतो, तो १,५००. स्पीकर घरातलेच. एकूण ११,१५०. मर्यादेच्या वर ओव्हरड्राफ्ट १,१५०. बटाटेवड्यांची मुदत दोन महिन्यांनी वाढली.

पहिल्या संध्याकाळी पहिली बाजू लावली. टाळ परत आले नाहीत. मी मनात कुठंतरी चमत्काराची आशा धरून होतो, म्हणून हे लिहितो: चांगली सुई पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. आई काही बोलली नाही. मग मी रेकॉर्ड उलटली. दुसरी बाजू त्या आठ महिन्यांत लावली गेलीच नव्हती. सुई टेकली, तंबोरा आला, आणि मग टाळ आले. एकेक वेगळे, किणकिणत, कोपऱ्यातून कुणीतरी हळूच येऊन बसावं तसे. तेवढ्यात आमचे चिरंजीव आतून धावत बाहेर आले. आई डोळे न उघडताच म्हणाली, "पाय वाजवू नकोस रे."

खाली सिमेंटची जमीन आहे. तिसऱ्या मजल्यावर पाय वाजवून काही होत नाही. तरी चिरंजीव थांबले. मीही थांबलो.

रात्री झोप येईना म्हणून आकडेमोड करत बसलो. अण्णा दर रविवारी एक एल.पी. लावत, चाळीस मिनिटं. बावन्न रविवार. वर्षाचे पस्तीस तास. आणि त्यांची नीलमण्याची सुई चालायची चाळीस-पन्नास तास. म्हणजे दिवाळीच्या यादीतली ती 'सुई, १', जिला आम्ही हसायचो, ती शुभशकुन नव्हती, चोख हिशेब होता. साध्या यंत्रावर सतरा वर्षं त्यांनी टाळ जपले होते. मी आठ महिन्यांत उडवले.

म्हणून म्हणतो, सूटकेस घेऊ नका आणि पाच लाखांची वाटही पाहू नका. जुना घ्या, हात हलवून घ्या, शंभर फेऱ्या मोजून घ्या आणि सुई नवी घ्या. हिऱ्याची सुई कमीत कमी पाचशे तास चालते असं धरलं, तर अण्णांच्या रविवारच्या हिशेबानं ती चौदा वर्षं पुरेल. माझ्या निवृत्तीला साधारण तेवढीच राहिलीत.

तरी येत्या दिवाळीच्या यादीत, पणत्यांच्या खाली, मी एक ओळ लिहून ठेवली आहे. सौ.नं ती वाचली आणि म्हणाली, "अडकली ना परत?"